चिमटा सरकला असेल

मी बोटाला लावायचा चिमटा बोलतोय, रक्तातला प्राणवायू मोजणारा. मूठभरही नाही मी, पण माणसाचा श्वास मंदावला की आकडा माझाच घसरतो.

माझे पहिले दिवस ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. तिथे भूल देणाऱ्या बाई होत्या. एक हात पेशंटच्या हनुवटीखाली, डोळे माझ्या आकड्यावर. मी जरा कुरकुरलो की विचारायच्या, "काय रे, काय झालं?" असे लाड पुन्हा कोणी केले नाहीत.

मग माझी स्प्रिंग सैल झाली आणि मला दुर्बिणीने पोट तपासायच्या खोलीत धाडलं. इथे पोटाचे डॉक्टर स्वतःच झोपेचं इंजेक्शन देतात, स्वतःच घशातून दुर्बीण घालतात आणि पडद्यावर जठर बघत राहतात. सिस्टरचे दोन्ही हात पेशंटला धरण्यात गुंतलेले. मी ओरडलो की ठरलेलं उत्तर, "चिमटा सरकला असेल. आवाज बंद करा त्याचा." खोटं कशाला बोलू, दहातल्या नऊ वेळा मी सरकलेलाच असायचो. तिथेच माझी पत गेली.

एकदा शिवणकाम करणारी एक मावशी आली. तिची लेक दारातूनच म्हणाली, "डॉक्टर, आई फार घोरते हो. झोपेत मधेच श्वास अडकतो तिचा."

"पाच मिनिटांचं काम आहे, ताई. बसा तुम्ही."

मावशीने हालचाल केली, म्हणून डॉक्टरांनी आणखी थोडं औषध दिलं. नव्वद. ब्याऐंशी. एकाहत्तर. मी जीव तोडून बोंबललो. सिस्टरने मला दुसऱ्या बोटाला लावलं, मग तिसऱ्या. तीन बोटं बदलली, पण तोंडाकडे कोणी पाहिलं नाही. ओठ निळे दिसले तेव्हा कुठे धावपळ उडाली.

मावशी वाचली. पण मेंदूला तेवढा वेळ प्राणवायू कमी पडला, तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही. तपासणीचे कागद न्यायला आलेल्या लेकीनेच सांगितलं.

डॉक्टर रडले, अगदी खरे रडले. "यापुढे पेशंटकडे बघायला वेगळा माणूस हवा," म्हणाले. उशाशी खुर्ची आली. पंधरा दिवस तिच्यावर माणूस बसला. आता पेशंटच्या पिशव्या असतात.

आत्ता मी एका काकांच्या बोटाला आहे. त्यांचा चष्मा हातात धरून काकू बाहेर बसल्यात. माझा आवाज बंद केलेला आहे. एक्याण्णव. सत्त्याऐंशी. सिस्टरचा हात माझ्याकडे येतोय, बोट बदलायला.

सिस्टर, मला हात असते तर जोडले असते. मी सरकलेलो नाही हो! बोट बदलू नका. काकांची छाती हलतेय का, तेवढं बघा!