डीनसाहेबांची कोरी चौकट

डीन हेल यांनी नकार दिलाच नव्हता, आणि प्राध्यापक रोवेना स्टिडमचं डोकं फिरलं होतं ते त्यामुळेच. नकार द्यायला निदान छातीत दम लागतो. हे गृहस्थ नुसते बसून होते. बारा दिवस झाले, तिच्या संशोधन-प्रस्तावाच्या मंजुरीच्या फॉर्मवर तिची सही होती, विभागप्रमुखांची होती, आणि डीनच्या नावापुढची चौकट कोरी. आज शुक्रवार. पाचला मुदत संपणार, आणि पाच वाजून एक मिनिटानं साहेब हळहळायला मोकळे.

प्रस्ताव होता लिक फोर्क खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी तपासण्याचा. वर कोळशाची खाण, खाली माणसं. तिचा थोरला भाऊ डेल्बर्ट तिथेच राहतो आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. खाणमालकांच्या नावाची पाटी कॉलेजच्या विज्ञानाच्या इमारतीवर आहे. एवढं सांगितलं की साहेबांच्या आळसाचं कोडं शेंबडं पोरही सोडवील.

दोन वाजता ती अनुदान कार्यालयात धडकली. संशोधकानं वर्ष घालवून प्रस्ताव लिहावा, पण तो अनुदान देणाऱ्या संस्थेला पाठवायचं बटण दाबण्याचा अधिकार याच कार्यालयाचा. ते बटण होतं वर्लिन कूम्सच्या हातात. साठीला टेकलेला वर्लिन नियमपुस्तक कोळून प्यायला होता.

"आली का सही?"

"आली असती तर तुला फोन नसता केला, बाई? तीनदा आठवण पाठवली. सेक्रेटरी म्हणते, साहेब बघताहेत."

"बारा दिवस? डोळे तपासून घ्या म्हणावं!"

"सहीशिवाय पाठवलं, तर सोमवारी ते प्रस्ताव मागे घेतील आणि मला घरी बसवतील."

रोवेनानं खुर्ची ओढली. "त्यांची सही लागतेच, असं लिहिलंय कुठे?"

वर्लिन तिच्याकडे बघतच राहिला. प्राध्यापक इथे येऊन ओरडत आणि निघून जात. नियम वाचायला आजवर कुणी बसलं नव्हतं. त्यानं पान उघडलं. "कॉलेजचं काही वापरणार असशील तर लागते. शिकवण्याच्या तासांतून सूट, जागा, उपकरणं. तू तिन्ही मागितली आहेस."

"काढ."

"आणि काम कुठे करशील?"

"खोऱ्यातल्या हायस्कुलात. तिथली रसायनशास्त्राची बाई माझी जुनी विद्यार्थिनी. तासाभरात मुख्याध्यापकांचं पत्र आणते. तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये. तास सगळे घेईन, नमुने शनिवार-रविवारी."

"तेरा वर्षं खपून उभी केलेली लॅब आहे तुझी, पोरी."

तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. तिथलं एकेक यंत्र तिनं भांडून मिळवलं होतं.

"डेल्बर्टला त्या लॅबचा काय उपयोग झाला? काढ म्हणते ना!"

पत्र आलं. पानं बदलली, आकडे पुन्हा जुळवले. विभागप्रमुख धावत येऊन नवी सही करून गेले. पाचला वीस मिनिटं कमी असताना वर्लिननं बटण दाबलं. प्रस्ताव गेल्याची सूचना डीनसाहेबांना आपोआप पोचली आणि पाच मिनिटांत फोन खणखणला. त्यानं तो तिलाही ऐकू येईल असा ठेवला.

"कुणाच्या सहीनं गेलं हे?" डीनसाहेबांच्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या होत्या.

"तुमची लागली नाही, साहेब. कॉलेजचं काहीच घेतलेलं नाही."

"मागे घ्या!"

"घेतो. फक्त तुम्ही लेखी कळवा, कारणासहित."

रोवेना फोनवर वाकली. "लिहा ना, साहेब. मी ते खोऱ्यात घरोघर वाचून दाखवीन."

"सोमवारी लॅब रिकामी हवी मला."

"सोमवार कशाला? आज करते."

फोन आदळला. वर्लिननं उगाचच चष्मा पुसला. ती वर लॅबमध्ये गेली, पदरच्या पैशानं आणलेल्या नमुन्याच्या बाटल्या खोक्यात भरल्या, गाडीत टाकल्या आणि खोऱ्याच्या रस्त्याला लागली.

डेल्बर्ट स्वयंपाकघरात बसला होता. खोकं बघून त्यानं विचारलं, "मंजूर झालं होय?"

"नाही. कळायला सहा महिने लागतील," ती म्हणाली, आणि पहिली बाटली विहिरीचं पाणी येणाऱ्या नळाखाली धरली.