दाढेवर लागलेली मिशी

मित्रांनो, माझ्या जिवावर एक मिशी लागली होती. खोटं वाटतं? ऐका.

मी टेलरची खालची दाढ. डाव्या बाजूला चावायला उरलेली एकटीच. पक्कड शोधायचा आळस, म्हणून हा पठ्ठ्या पँटचे हूक माझ्यावर ठेवून, दाबून चपटे करायचा. गिऱ्हाईकं 'वा!' म्हणायची, मीही फुगायचे. मग कळ आली, रूट कॅनल झालं, टोपी बसली. हूक काही थांबले नाहीत! शेवटी मुळाशी पू झाला, गालाची उशी झाली.

शेजारचा सलूनवाला म्हणाला, "गेली ही दाढ!"

"वाचणार! लाव पैज!" टेलर सुजल्या तोंडाने गुरगुरला.

"वाचली तर माझी मिशी उतरव, भर दुकानात. गेली तर तू झालरीचा फ्रॉक घालून मशीनवर बसायचं."

समोरची इस्त्रीवाली मावशी पंच झाली. "दोघंही बिनडोक. मंजूर!"

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "वरून परत साफ करायला वाट नाही. हिरडी उघडून मुळाचं टोक कापते, खालून बुजवते."

"बाहेर काढून, दुरुस्त करून परत बसवता येत नाही? पँटसारखी?"

"येते कधीकधी. पण मूळ तडकलेलं असलं तर तुकडेच हातात येतील. मग काढूनच टाकावी लागेल."

टेलरचा चेहरा पडला. माझी तर पाचावर धारण बसली.

सुई टोचली. हिरडी बाजूला झाली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या मुळांवर उजेड पडला. बाईंचा हात थांबला.

"मागचं मूळ तडकलंय."

ट्रेमध्ये काहीतरी खणकलं. पक्कड! टेलर डोळ्यांनीच गयावया करत होता. बाईंनी मला हलवून पाहिलं. मी होती नव्हती ती ताकद लावून हाडाला धरून राहिले.

"पुढचं घट्ट आहे," त्या पुटपुटल्या. "मधोमध कापते. मागचा भाग काढते, पुढचा ठेवते."

टाके निघाले, छोटी टोपी बसली. आता टेलरच्या गळ्यात दोरीला पक्कड लटकते. मित्रांनो, तुम्हीही दातांना हत्यार करू नका. मी एका पायावर उभी राहून सांगतेय.

तर, टोपी बसली त्याच दिवशी टेलर ऐटीत सलूनमध्ये शिरला. "वाचली! बस खुर्चीत!"

"अर्धीच वाचली!"

गल्ली जमली. मावशीने टेलरचा जबडा उघडून मला निरखलं. "अर्धी दाढ, अर्धी मिशी. बस रे!"

सलूनवाला स्वतःच्याच खुर्चीत बसला. टेलरने वस्तरा चालवला. आरशात बघून सलूनवाला रडकुंडीला आला. "दुसरी बाजू पण काढ ना रे, हात जोडतो!"

"ती तू जिंकलायस," मावशी म्हणाली. "सांभाळ."