एकाच चेहऱ्याचा फ्लेक्स

अंजलीवहिनीच्या दवाखान्याचा फ्लेक्स आपणच करायचा, हे दिशाने कोणी विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. बारामतीच्या एका फ्लेक्सच्या दुकानात ती डिझाइनचं काम करायची, आणि आपली भौतिकशास्त्राची पदवी लोकांच्या वाढदिवसांवर खर्ची पडतेय, असं तिला रोज वाटायचं. वहिनी जनावरांची डॉक्टर. रविवारी इंदापुरात तिचा दवाखाना सुरू होणार होता, आणि बाईमाणूस गाईला काय हात लावणार, अशी कुजबुज तिथल्या गोठेवाल्यांत आधीच सुरू झाली होती. कोणी फिरकलंच नाही, तर वहिनीला पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली नोकरी धरावी लागणार होती.

वडगाव निंबाळकरहून दिशाचे वडील, बाजीराव, पिशवीभर फोटो घेऊन दुकानात आले.

"ह्यो सरपंच, ह्ये डेअरीचं चेअरमन, ह्यो तुझा मामा."

"आबा, ही वरात कुठं बसवू?"

"खाली, शुभेच्छुक म्हणून. आनि ह्यो मी. मला वर घ्यायचं."

दिशाने त्यांना खुर्चीत बसवून समजावलं. मोटरसायकलवरचा माणूस चौकात फार तर तीन सेकंद वर बघतो. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत एकच गोष्ट ठसते. तिच्याभोवती मोकळी जागा सोडली, की नजर आपोआप तिथं जाते. मग तिने पडद्यावर आपलं काम दाखवलं. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, करडी चौकट, मधोमध वहिनीचा मंद हसरा फोटो. खाली ठळक अक्षरांत 'डॉ. अंजली', त्याखाली 'रविवार, सकाळी दहा वाजता'. दवाखान्याचं नाव तळाला, नाजूक अक्षरांत.

बाजीरावांनी बराच वेळ बघितलं. "शांत वाटतंय."

"तेच तर हवंय."

"लईच शांत वाटतंय," ते पुटपुटले. पण शिकलेल्या लेकीपुढे जास्त बोलणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी सरपंचांसकट सगळ्यांना परत पिशवीत घातलं.

शनिवारी सकाळी फ्लेक्स इंदापुरात लागला. दुपारच्या आत दिशाच्या भावाचा, धम्मदीपचा, फोन आला.

"दिशे, निघून ये इकडं."

"लोक बघतायत का फ्लेक्स?"

"बघतायत की. थांबून बघतायत, टोपी काढून बघतायत. फुलवाल्यानं हार घातलाय."

दिशाने पडद्यावर तो फ्लेक्स पुन्हा उघडला. पांढरी जागा, एकच चेहरा, खाली दिवस आणि वेळ. असे कितीतरी फ्लेक्स तिने स्वतःच्या हाताने केले होते. सगळे श्रद्धांजलीचे.

ती इंदापुरात पोचली, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर माणसं खाली मान घालून बसली होती. आत वहिनी स्वतःच चहा देत होती. व्हॉट्सॲपवर फोटो बघून कऱ्हाटीहून धावत आलेली वहिनीची कुशाबाई मावशी रडून मोकळी झाली होती आणि आता भांडत होती. "जित्ती हाईस तर फोन तरी उचलायचा गं."

जवळच्या वस्तीवरचे जोतीरामतात्या कपाकडे बघत संकोचून म्हणाले, "बाई, त्या तुमीच का?"

"मीच तात्या. बसा."

"बरं झालं." त्यांनी कप खाली ठेवला. "आता आलोच हाय तर इचारतो. गाय काल रातीला व्याली, वासरामागनं पडायचा जार अजून पडला न्हाय. आमचा डाक्टर फोन उचलंना. तुमी येता का?"

वहिनीने चहाची किटली दिशाच्या हातात दिली आणि बॅग उचलली.

भेटायला आलेली मंडळीही मागोमाग निघाली. घरी 'संध्याकाळ होईल' असं सांगून आलेली माणसं; एवढ्यात परत जाऊन करणार काय? गोठ्याच्या भिंतीवर कोपरं टेकून सगळे उभे राहिले. वहिनीने खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, गाईच्या पाठीवर थाप मारली आणि कामाला लागली. बाईमाणसाचा विषय कोणी काढला नाही. जार बाहेर आल्यावर भिंतीवरच्या एकाने हळूच फोन लावला.

"व्हय, गेलतो भेटायला. न्हाय, जित्ती हाय. ऐक, आपली म्हस उद्या हिच्याकडंच आणू."

वहिनी बादलीत हात धूत होती. दिशा जवळ जाऊन खालमानेने म्हणाली, "वहिनी, मी आत्ताच जाऊन तो फ्लेक्स उतरवते."

"राहू दे गं संध्याकाळपर्यंत," वहिनी म्हणाली. "अकलूजकडची माणसं अजून यायचीत."