रोवणीतलं दुखणं

सिकलसेलच्या माणसाला रोवणीत दुखत नाही म्हणणारा एक तर देव असेल, नाहीतर लबाड. चेतना धानवाल्यांच्याच घरात वाढलेली. दिवसभर गार चिखलात वाकून भाताची रोपं रोवली की सांधे कसे ठणकतात, हे तिनं सख्ख्या मावशीचं पाहिलं होतं. आणि इथे, नव्या गोळीच्या अभ्यासात, ऐन रोवणीत गावंच्या गावं ठणठणीत. या नोंदी तपासणं हेच तिचं काम. तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

गोंदियाहून बसनं ती सडक अर्जुनीला उतरली, तिथून ऑटोनं गाव गाठलं आणि रेणूचं घर विचारलं. रेणू म्हणजे चौदा वर्षांची पोर. गोळी सुरू, दर भेटीला 'दुखणं नाही'. दारात तिची आई रुख्माबाई धान पाखडत होती.

"रेणू कुठं आहे?"

रुख्माबाईनं सूप खाली ठेवलं. "रेणू त रोवणीतच गेली, म्याडम. छाती दुखून राहिली होती. दवाखान्यात नेता नेता रस्त्यातच गेली."

"जागेश्वर विचारायला येत नव्हता?" जागेश्वर म्हणजे घरोघर फिरून नोंदी घ्यायला ठेवलेला माणूस.

"कायले येईल? आमी सारे बांधीत, रोवणीले. घराले कुलूप."

म्हणजे हे महाशय हायवेच्या ढाब्यावर चहा ढोसत मोबाइलमध्ये नोंदी ठोकत होते. मेलेल्या पोरीला कागदावर दिवाळीपर्यंत बरं वाटत होतं. ती गोळीनं गेली की गोळी असूनही गेली, एवढंच तर या अभ्यासातून कळायचं होतं. आत रेणूचा धाकटा भाऊ हिमांशू खेळत होता. त्यालाही सिकलसेल, त्यालाही तीच गोळी. रेणूचं मरण नोंदलं गेलं, तर गोळी थांबवून चौकशी करावीच लागणार होती. चेतनाचा जीव त्या पोरात अडकला.

अभ्यासाचे मुख्य डॉक्टर हेमेंद्र सगळं ऐकून हसले. "एक केस के पीछे सब बंद करना है क्या, मॅडम?"

तिनं त्यांना न जुमानता अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या नागपूरच्या समितीकडे तक्रार पाठवली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. जागेश्वरला काढलं होतं. रेणूनं मात्र रोवणीआधीच अभ्यास सोडला होता म्हणे, आणि सोबत आईची सही. म्हणजे तिचं मरण अभ्यासात धरायचंच नव्हतं.

चेतना पुन्हा गावात गेली. रुख्माबाईनं तोंड लपवलं नाही, पाणी दिलं.

"काऊन सही केली, बाई?"

"डाक्टर सोता घरी आले. म्हणे, पोरीचं मरण कागदावर आलं त गोळ्या बंद होतीन. सबच्या." ती खाली बघत बोलत होती. "एक त गेली, म्याडम. ह्याले कशी जाऊ देऊ?"

"पण ती गोळीच..." गोळी वाईट आहे, असं तरी चेतना कशाच्या जोरावर सांगणार? खरं काय ते सांगू शकेल असं आता काही उरलंच नव्हतं. तिला स्वतःची, त्या नोकरीची, सगळ्याचीच किळस आली.

रुख्माबाईनं हिमांशूला हाक मारली आणि त्याच्या तळहातावर गोळी ठेवली. त्यानं शहाण्यासारखी ती पाण्याबरोबर गिळली, मग आ करून आईला दाखवलं.

"म्याडमलेबी दाखव," ती म्हणाली.

पोरगं चेतनासमोर आलं आणि त्यानं तोंड उघडलं.