बेडूकताईचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. तोंडाशी धरून बोलायचा, मागे मूठ आणि पोटात सेल असलेला. मित्रांनो, कुजबुजणं आमच्या कुळातच नाही. पण हल्ली माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही, म्हणून जे काही आहे ते असं मुकाट्याने सांगतो.

एका कारखान्यात पांढऱ्या प्लास्टिकचा साचा उघडला आणि मी जन्मलो. तपासणीच्या टेबलावरच्या बाईने माझ्यात तोंड घालून "हॅलो, ऐकू येतंय का?" असं विचारलं, तर समोरचा माणूस दचकून उभाच राहिला. मी पास झालो. तिथून आलो ते थेट शहराच्या तरणतलावावर, पोहायला शिकवणाऱ्या ताईच्या हातात. ती सगळ्यांना आधी बेडकासारखे पाय मारायला शिकवायची, म्हणून मुलं तिला बेडूकताई म्हणत. तिलाही ते नाव आवडायचं.

काय दिवस होते ते! "ए लाल टोपी, तलाव पिऊन संपवू नकोस, बाकीच्यांनाही पोहायचंय!" "बाहेर या सगळे, ओठ निळे पडलेत!" पालक म्हणायचे, ताईंचा आवाज म्हणजे आवाज आहे हो. त्यातला अर्धा आवाज माझा होता, पण भोंग्याला श्रेय कोण देतो? एकदा मी पाण्यात पडलो. तिच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी मला उघडलं, वाळवलं, आत नवी तार जोडली. "हे होणार नाही" असं त्या माणसाने कधी कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं.

मग निवडणूक पुढे ढकलली गेली. लोक म्हणाले, असेल काही कारण. पुन्हा ढकलली, तेव्हा लोक आपापसात कुरकुरले. त्यानंतर ती रद्दच झाली आणि बेडूकताई मला घेऊन चौकात उभी राहिली. भाषण तिला येत नव्हतं. तलावावर दरडावते तसंच तिने विचारलं, "आमचं मत कधी घेणार? सांगा ना!" पहिल्या दिवशी मूठभर माणसं होती. पुढे पुढे चौकात मुंगी शिरायला जागा राहीना. सभा संपवायची तिची रीतही तलावावरचीच. "चला, उशीर झाला. नीट घरी जा. येते हं मी!"

निघताना आपण कधी 'जाते' म्हणतो का, मित्रांनो? ते अशुभ. आपण 'येते' म्हणतो आणि जातो. त्याच शब्दाने तिचा घात केला.

तिला पकडलं, तिच्याबरोबर मलाही. कोर्टात माझ्या मुठीला चिठ्ठी बांधून मला टेबलावर ठेवलं होतं. सरकारी वकील माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याच भोंग्यातून आरोपी म्हणाली, येते! तिचं तोंड कुणीकडे होतं? सरकारी कचेरीकडे. जमाव घेऊन चाल करून येते, हाच त्याचा अर्थ."

"साहेब, येते म्हणजे जाते!" तिचे वकील कळवळून ओरडले.

"वा! मग उद्या चोर म्हणजे साव म्हणाल!"

सगळे हसले. न्यायाधीशही हसले. सकाळी घरून निघताना तेही 'येतो' म्हणूनच निघाले असणार. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण हसणं वेगळं आणि निकाल वेगळा. बारा वर्षांची शिक्षा झाली.

पोलीसबाईने तिचा दंड धरला. दारापाशी ती वळली. वडील बाकावरून उठून उभे होते. सवयीने तिच्या तोंडून "ये..." एवढं निघालं आणि ती थबकली. मग म्हणाली, "जाते, बाबा."

"असं म्हणू नये गं," ते म्हणाले. तोवर दार लागलं होतं.

त्यापेक्षा मला तिथेच हातोड्याने फोडलं असतं तर बरं झालं असतं.

मी कोर्टाच्या कोठीत जाऊन पडलो. तिला भेटून परतताना बाबा कोठीच्या खिडकीशी येत. ते मला परत मागत नव्हते. कारकुनाला एवढंच म्हणत, "आतले सेल तेवढे काढू द्या. फार दिवस राहिले की गळतात. ती सुटून आली की हा चालायला नको?"

"बाबा, मुद्देमालाला हात लावता येत नाही. अपील चालू आहे. माझी नोकरी जाईल."

कारकून वाईट नव्हता. बसायला खुर्ची द्यायचा, पाणी विचारायचा. सेल मात्र काढू द्यायचा नाही. आणि सेल गळायला लागले. हिरवट क्षार माझ्या तारांवर चढत गेला. फार जळजळायचं, आणि मला ओरडता येत नव्हतं.

खुर्चीत बसून बाबा भेटीची हकिगत सांगत. सुरुवातीला ती काचेपलीकडून भरभर बोलायची. बराकीतल्या बायांना जमिनीवर पालथं झोपवून बेडकाचे पाय शिकवते म्हणून खो खो हसायची. पुढे तिला एकटीला वेगळ्या कोठडीत ठेवलं. उत्तरं तुटक होत गेली. हो. नाही. जेवले. मग ती नुसती मान हलवू लागली. "घसा बसलाय का गं, असं विचारलं," बाबा कारकुनाला म्हणाले, "तर माझ्याकडे बघत राहिली. आपली पोर आहे, पण ओळख पटेना हो."

अपील फेटाळलं गेलं, त्या दिवशी कारकुनाने मला उचलून बाबांपुढे ठेवलं. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, माझं झाकण उघडलं आणि आत बघत बसले.

"होईल दुरुस्त?" कारकुनाने विचारलं.

"नाही."

त्यांनी झाकण परत लावलं. सगळे स्क्रू नीट आवळले. त्यानंतर ते आले नाहीत. थंडीत वारले, असं कारकून कुणालातरी सांगत होता.

मित्रांनो, वापरात नसलेल्या यंत्रातले सेल काढून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण माझं जाऊ द्या, मी प्लास्टिकचा. तुमच्यापैकी कुणाला तिने पोहायला शिकवलं असेल, आता तुम्ही मोठे झाला असाल, तर एकदा भेटीच्या दिवशी तुरुंगात जा. तिच्यासाठी आता कुणीच येत नाही. ती तुम्हाला ओळखेल की नाही, माहीत नाही. बोलेल असं तर मला मुळीच वाटत नाही. तरी तुम्ही बोला. काच जाड आहे, जरा मोठ्याने बोला.