पाय ब्रेकवरच होता

“काका, मशीनमध्ये काईच दाखवून नाई राह्यलं,” प्रफुल म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा प्रेमदास मून यांच्याकडे वळवला. “पाहा, सगळं हिरवं आहे.”

प्रेमदासांनी पडद्याकडे नुसती नजर टाकली. वर्ध्यात नागपूर रोडवरच्या या सर्व्हिस सेंटरमध्ये ते तिसऱ्यांदा आले होते. प्रफुल काउंटरवर बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेत असे. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, न विसरता चहा मागवायचा. पण तिन्ही वेळा पडदा हिरवाच होता.

“हिरवं तर मागच्या वेळी बी होतं,” प्रेमदास म्हणाले. “पण त्या दिवशी गाडी थांबली नाई न.”

“काका, यात एबीएस आहे, चाक जाम होऊ देत नाई. ब्रेक जोरात दाबला का पायाले थरथर लागते. नवीन माणसाले वाटते ब्रेक गेला, तो घाबरून पाय काढते.”

“मी नवीन माणूस नोहो, बाबू.”

प्रफुल मान खाली घालून तक्रार लिहीत राहिला.

प्रेमदासांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती. वर्धा-यवतमाळ, वर्धा-चंद्रपूर, मधली काही वर्षं आर्वीकडच्या मुक्कामी गाड्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून साधी कोंबडीही चेंगरली नव्हती, असं डेपोतले लोक म्हणत. निवृत्तीनंतर मुलाने, रत्नदीपने, ही गाडी घेतली, तेव्हा पहिल्यांदा स्टिअरिंगवर त्यालाच बसायचं होतं. पण त्याने चावी वडलांच्या हातात दिली होती.

चार महिन्यांपूर्वी ते पत्नीला, सुलोचनाबाईंना, घेऊन देवळीला निघाले होते, त्यांच्या बहिणीकडे. रुंदीकरणामुळे एका ठिकाणी रस्ता कच्च्यावरून वळवला होता. पुढे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी भरलेली ट्रॉली उभी होती. वेग चाळीसच्या आत. प्रेमदासांनी बऱ्याच लांबून ब्रेक दाबला. पायाखाली टकटक झाली, पॅडल दगडासारखं कडक झालं आणि गाडी, जणू कुणी काही दाबलंच नाही, अशी पुढे जात राहिली. त्यांनी डावीकडे काढली. पुलाच्या कठड्याला गाडी घासत जाऊन आदळली. सुलोचनाबाईंचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. त्यांना स्वतःला खरचटलंही नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

दवाखान्यात सुलोचनाबाईंनी मुलाला सांगितलं, “यायनं ब्रेक दाबला होता. मी पाह्यलं आपल्या डोयानं.” रत्नदीपने मान डोलावली, पण ती आईचं मन राखण्यासाठी. बाहेर व्हरांड्यात तो वडलांना म्हणाला, “बाबा, वय झालं आता. होते असं. ब्रेकच्या जागी दुसरीकडं पाय पडते.”

गाडी दुरुस्त होऊन आली, सोबत ‘ब्रेक तपासले, दोष नाही’ असा कागद आला. चावी मात्र रत्नदीपच्या खिशातच राहिली. चालवू नका असं घरात कुणी म्हटलं नाही. प्रेमदासांनीही मागितली नाही. रविवारी ते गाडी पुसायचे आणि फडकं वाळत घालायचे.

वाईट गोष्ट वेगळीच होती. हळूहळू त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडत चालला होता. दुपारी खाटेवर बसल्या बसल्या ते उजवा पाय फरशीवर टेकवायचे, टाच तशीच ठेवून पंजा डावीकडे न्यायचे, उजवीकडे न्यायचे. ब्रेक. रेस. ब्रेक. त्या दिवशी नेमकं कुठं होता हा पाय? एकदा सुलोचनाबाईंनी पाहिलं.

“काय करून राह्यले?”

“काई नाई. मुंग्या आल्या.”

आज रत्नदीप गाडी सर्व्हिसिंगला सोडून जिल्हा परिषदेतल्या आपल्या ऑफिसात गेला होता. गाडीजवळ थांबतो म्हणून प्रेमदास मागे राहिले होते. प्रफुलशी बोलून ते बाकावर येऊन बसले, तेवढ्यात रीता नावाची पस्तिशीची एक बाई तरातरा काउंटरवर आली. तळेगावला तिचं आणि तिच्या नवऱ्याचं कृषी केंद्र होतं, एवढं तिच्या बोलण्यावरून कळलं.

“भैया, मागच्या टाइमले बी तुम्ही सेन्सर साफ करून दिला. परवा पुन्हा तेच. म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला, पायात टकटक झालं आन् गाडी चाललीच. म्हशीले धक्का लागता लागता राह्यला. घरी सांगतलं तर हे म्हणते, तुले चालवताच नाई येत.”

प्रेमदास उठले. बाहेर उभी असलेली तिची गाडी त्यांनी पाहिली. त्यांच्यासारखीच गाडी, फक्त रंग वेगळा.

“ताई, एक विचारू? रस्ता कसा होता तथी?”

“खराब. उखडलेला.”

“खड्डा कवा आला? ब्रेक दाबायच्या आधी का दाबल्यावर?”

रीता थांबली. असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “दाबल्यावर,” ती सावकाश म्हणाली. “डावं चाक गेलं खड्ड्यात. पिवळा लाइट लागला एक सेकंद, मंग गेला.”

प्रेमदासांना तो कच्चा रस्ता आठवला. डांबराची कड संपली तिथं डावं चाक खाली उतरलं होतं. ब्रेक दाबल्यावर.

ते सरळ मागे वर्कशॉपमध्ये गेले. ओमप्रकाश नावाचा जुना मेकॅनिक त्यांच्याच गाडीचं बॉनेट बंद करत होता.

“मिस्त्री, तुम्ही ट्रायल कुठं घेता?”

“समोरच, काका. सिमेंट रोडवर.”

“तथी तर बैलगाडी बी थांबते. खराब रस्त्यावर चाला. तुम्ही चालवा, मी बाजूले बसतो.”

ओमप्रकाशने काउंटरकडे पाहिलं. प्रफुल रीताशी बोलण्यात गुंतला होता. ओमप्रकाशने हात पुसले आणि चावी घेतली.

सिंदी मेघेच्या मागच्या बाजूला पाइपलाइनसाठी खोदून तसाच सोडलेला एक रस्ता होता. माणसांची वर्दळ नव्हती. प्रेमदास डावीकडे बसून सांगत होते, आणि ओमप्रकाश करत होता. पहिल्या तीन वेळा गाडी मुकाट थांबली. ओमप्रकाश समजुतीने म्हणाला, “पाहा काका, ब्रेक चांगला आहे.”

“अजून एकदा. पस्तीसवर घ्या. डावं चाक खोदलेल्या चारीच्या कडेवर येऊ द्या. त्याच्या आधी दाबजा आन् सोडू नका.”

चौथ्यांदा गाडी कडेवर आली. टकटक झाली. मग ती सुटल्यासारखी पुढे निघाली. समोरची बाभूळ जवळ येऊ लागली. ओमप्रकाश सीटवरून अर्धा उचलला गेला.

“काका, पाय ब्रेकवरच आहे,” तो म्हणाला. “ब्रेकवरच आहे पाय.”

प्रेमदासांनी हात लांबवून हँडब्रेक ओढला. गाडी वाकडी होऊन बाभळीच्या अलीकडे थांबली.

ओमप्रकाश खाली वाकून आपल्या पायाकडे बघत होता. प्रेमदासही त्याच पायाकडे बघत होते. जिंकल्यासारखं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण श्वास आत गेला.

परत आल्यावर ओमप्रकाशने जॉबकार्ड मागून घेतलं आणि जे झालं ते ओळीने लिहिलं. चाकाजवळचा सेन्सर धक्का बसला की चुकीचा इशारा देतो, मशीनला वाटतं चाक अडकलं, म्हणून ते ब्रेक सोडून देतं, असा त्याचा अंदाज होता.

“असं नको लिहू रे,” प्रफुल हळूच म्हणाला. “साहेब विचारतील.”

“विचारू दे. मी चालवत होतो, प्रफुल.”

प्रफुलने रीताचंही कार्ड काढलं आणि दोन्ही एकत्र टाचली.

संध्याकाळी रत्नदीप आला, तेव्हा ओमप्रकाशने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गाडी तिथंच ठेवायची ठरली. बापलेक ऑटोने घरी आले. वाटेत रत्नदीप एकदाच बोलला, “तुम्ही कशाले बसले त्या गाडीत? काई झालं असतं तर?”

पोळा होऊन गेल्यावर कंपनीचं पत्र आलं. ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांमध्ये ब्रेकचा अमुक भाग बदलून मिळेल, असं दोन परिच्छेदांत छापलं होतं. त्यात कुणाच्या मनगटाचा उल्लेख नव्हता, की कुणाच्या वयाचा. भाग बदलून गाडी घरी आली, त्या दिवशी रत्नदीपने चावी वडलांच्या पुढ्यात ठेवली. उभाच राहिला.

“बाबा, त्या दिवशी मी आईचं ऐकाले पाह्यजे होतं.”

“मले काऊन सांगतं? तिले सांग.”

तो स्वयंपाकघरात गेला. आत काय बोलणं झालं ते प्रेमदासांना ऐकू आलं नाही. भांड्यांचा आवाज तेवढा थांबला होता.

त्या आठवड्यात सुलोचनाबाई म्हणाल्या, “चाला, देवळीले जाऊन येऊ. बहीण वाट पाहून राह्यली.”

गेटमधून गाडी बाहेर काढण्याआधी प्रेमदासांनी खाली वाकून आपल्या पायाकडे एकदा पाहिलं. कोपऱ्यापर्यंत जाऊन त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा थोडं जाऊन पाहिला. पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना सोयाबीन कापून पडलं होतं, आणि पऱ्हाटीला बोंडं धरली होती. मागून येणाऱ्या गाड्यांना ते जाऊ देत होते. पुलाचा कठडा नव्याने रंगवला होता; तो कधी मागे गेला ते त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

देवळीच्या अलीकडे त्यांनी काहीतरी विचारलं, तर उत्तर आलं नाही. सुलोचनाबाईंना झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, मान खिडकीकडे कललेली.

पुढे गतिरोधक होता. प्रेमदासांनी लांबूनच वेग कमी केला, गाडी त्यावरून अलगद उतरवली. मेहुणीच्या दारात पोचल्यावर त्यांनी हॉर्न वाजवला नाही, इंजिनही बंद केलं नाही. दारातून मेहुणी बाहेर आली, तेव्हा त्यांनी तिला हाताने, जरा थांब, अशी खूण केली.