पडद्यावरच्या रजनी मॅडम

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या एका शाळेत रजनी पागनीस बावीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. लॉकडाऊनमध्ये जेवणाच्या टेबलावर मोबाइल टेकवून त्यांनी चाळीस धडे रेकॉर्ड केले. शाळेने ते यूट्यूबवर चढवले, आणि आता वर्गावर्गांतल्या स्मार्टबोर्डवर तेच चालतात. मुलांवर लक्ष ठेवायला कुणीही चालतं. खऱ्या मॅडम ऑफिसात बसून ॲडमिशनचे फॉर्म तपासतात. हा अपमान त्यांनी गिळला होता.

पण बावीस जूनला मधल्या सुट्टीत सातवीतली अहल्या रडवेली होऊन समोर आली.

“मॅडम, परवा व्हिडिओत तुम्हीच म्हणाल्या ना, एकवीस जूनला उज्जैनमध्ये ठीक बाराला सावली गायब होते? काल मी छतावर उभी राहिले. बाराला सावली होती. बारा अठ्ठावीसला गायब झाली. आज वर्गावर बसलेल्या सरांना सांगितलं, तर म्हणाले, वीडियो गलत है क्या? अन् मला पूर्ण पीरियड उभं ठेवलं!”

चूक मॅडमचीच होती. उज्जैनच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात साडेबारा होत आलेले असतात. धडा रेकॉर्ड केल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ऑनलाइन वर्गात ती चूक सुधारली होती, मुलांची माफीसुद्धा मागितली होती. ते मात्र कुणी रेकॉर्ड केलं नव्हतं.

त्या तडक संचालकांच्या केबिनमध्ये शिरल्या. संचालक म्हणजे संस्थापकांचा मुलगा केदार, त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

“सर, तो व्हिडिओ काढून टाका. त्यात चूक आहे, सावली बाराला नाही, बारा अठ्ठावीसला जाते. मी वर्गात जाऊन नीट शिकवते.”

“मॅडम, पाच वर्षांत एक शिकायत नाही आली. अठ्ठावीस मिनिटांनी काय फरक पडतो? व्ह्यूज बघा किती आहेत! छोडिए ना.”

छोडिए ना! ज्या पोराला नकाशात गावची शिप्रा नदी सापडत नव्हती, तो भूगोलाच्या बाईंना चूक सोडून द्यायला सांगत होता. आणि एक खरं बोलणारी मुलगी तासभर उभी होती, त्याचं काय?

त्या सातवीत गेल्या, बोर्ड बंद केला आणि सगळ्या मुलांना रणरणत्या उन्हात मैदानात उभं केलं. “गलती मेरी थी. अहल्या सही है,” त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बारा अठ्ठावीसला चाळीस सावल्या पायाखाली शिरल्या आणि मुलांनी आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं.

तो ऐकून केदार धावत आला. “हे कुणाला विचारून?”

“सर, आधी खाली बघा. तुमची सावली कुठे आहे?”

त्याने पाहिलं नाही. “उद्यापासून येऊ नका, मॅडम. तुमचे व्हिडिओ आहेत आमच्याकडे.”

पर्स घेऊन निघताना मॅडम सातवीच्या दारात थबकल्या. तोच धडा पुन्हा लावला होता. अहल्या काहीतरी सांगायला एक हात वर करून बोर्डासमोर उभी होती. “समझ में आया ना, बच्चो?” पडद्यावरच्या रजनी मॅडमनी हसून विचारलं, आणि उत्तराला न थांबता त्या पुढचा मुद्दा शिकवू लागल्या.